अन्वय लावून द्यावा

संस्कृत श्लोक पुढे आला की विद्यार्थी बिचकतो. पंतोजी अन्वय लावून देतात आणि श्लोक सोपा होतो. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने जनुकांच्या अभ्यासकांसाठी अशीच सोय संगणकावर केली, तिची माहिती २०१२ साली प्रसिद्ध केली आणि नाव ठेवले ‘अन्वय’!

हे अभ्यासक संगणकाला द्यायच्या सूचनांच्या संहिता एकमेकांना देतात. पण त्या बहुधा आजीच्या पाककृतीसारख्या : ‘मीठ अंदाजाने’! दुसऱ्याच्या हाती सारे बिघडते आणि मग एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला पडताळता येत नाही. ‘अन्वया’त नेहमीच्या कामांच्या साखळ्या आयत्याच जोडून ठेवल्या आहेत. अमेरिकेत २००५ साली पुढे आलेली ‘गॅलक्सी’ तर कोणते साधन कसे वापरले याची नोंदही ठेवते, आणि ती दुसऱ्याला देता येते.

आमच्या नाशकात द्राक्षावरच्या भुरीचा अभ्यास करणाऱ्याने संगणकाची भाषा घोकीत का बसावे? संहिता लिहिणाऱ्यांना एवढेच सांगणे : ती आधी जीवशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्यापुढे ठेवा आणि गप्प बसून पाहा. तो जिथे अडखळेल, तिथे दोष संहितेचा समजावा, त्याचा नव्हे.