घाटाआधीचे पाणी

नाशिकचा कांदा उत्तर केरळात ज्या वाटांनी जातो, त्यांतली एक म्हैसूरवरून जाते. शहर सोडले की नंजनगूड, मग गुंडलुपेट, आणि तिथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. राष्ट्रीय महामार्ग 766 वायनाडमार्गे कोझिकोडला उतरतो, दुसरा रस्ता मुदुमलाई, गुडलूर करत उटीला चढतो. बंडीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या या दोन्ही रस्त्यांवर 2009पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. नऊच्या आत जंगल ओलांडायचे म्हणून जुने ट्रक दुपारपासून दामटले जातात, आणि वेळ चुकली की रात्रभर रस्त्याकडेला उभे राहतात. त्या मुक्कामात टायर ठोकून बघितले जातात, दोऱ्या आवळल्या जातात, चहा होतो. रेडिएटरच्या वाट्याला मात्र बादलीभर पाणी येते, तेही हाताला लागेल ते. जुन्या डिझेल ट्रकची कूलिंग सिस्टीम ठरावीक काळाने पूर्ण धुऊन काढणे आजवर मालकाच्या मर्जीवर सोडले गेले आहे. ब्रेक आपण मर्जीवर सोडत नाही, मग हे का सोडतो, असा माझा प्रश्न आहे. आणि घाटांच्या तोंडाशी वसलेल्या म्हैसूरला तो इतर शहरांपेक्षा जास्त लागू पडतो.

कारण उंचीत आहे. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटरवर, तर उटी सुमारे 2240 मीटरवर. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो. म्हणजे म्हैसूरला उघडे पाणी 97 अंशांच्या आसपास उकळते, उटीला 92-93 अंशांवरच. इकडे धावत्या डिझेल इंजिनात पाणी 85 ते 95 अंश असणे हीच नेहमीची स्थिती. हा हिशेब जुळतो तो रेडिएटरच्या झाकणामुळे. झाकणातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि उकळण्याची मर्यादा पंधराएक अंशांनी वर ढकलते. झाकणाचे रबर सडले, दाब निसटू लागला, की भरल्या गाडीने चढ चढताना पाणी उकळणारच. त्यात नशिबाचा काही भाग नाही. आता यात आतल्या थराची भर घाला. डिझेल जळून होणाऱ्या उष्णतेचा पाव ते तिसरा हिस्सा पाण्याने वाहून न्यायचा असतो, आणि क्षारांचा थर ढलाईच्या लोखंडाच्या मानाने वीसपट कमी उष्णता वाहतो. बाहेरचे पाणी गार दिसते, काटाही मध्यावर असतो, आणि थराखालचा सिलिंडर हेडचा भाग भाजून निघत असतो.

हा थर येतो कुठून, हे घरात गिझर असलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. म्हैसूरच्या नळाला कावेरी-कबिनीचे पाणी असते, ते त्यातल्या त्यात बरे. पण ट्रक नळावर भरत नाही. तो ढाब्याच्या बोअरवर भरतो, आणि दख्खनच्या कठीण खडकातले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात, उद्या पुन्हा बादली. एकदा भरलेल्या जड पाण्याने फार बिघडत नाही, रोज थोडे थोडे ओतत गेल्याने बिघडते. त्यात गंजाचा चिखल मिसळतो आणि रेडिएटरच्या खालच्या नळ्या एकेक करून बुजतात. गाडी गरम व्हायला लागली की गॅरेजातला ठरलेला इलाज म्हणजे थर्मोस्टॅट वॉल्व्ह काढून टाकणे. काटा तात्पुरता खाली येतो, ड्रायव्हर खूश होतो. पण सपाट रस्त्यावर तेच इंजिन हवे तेवढे तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, काजळी तेलात उतरते, सिलिंडर झिजतात, आणि घाटात मूळचे दुखणे जिथल्या तिथे. तापावर थर्मामीटर फोडण्यासारखा हा उपाय आहे, तरी तो इतका रुळला आहे की कित्येक जुन्या गाड्यांत वॉल्व्हची जागा रिकामीच सापडते.

नीट धुणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे, कारण रेडिएटरचा खालचा नळ सोडला की ‘पाणी बदलले’ असे समजले जाते. तेवढ्याने इंजिनच्या ब्लॉकमधले पाणी आतच राहते, आणि सर्वांत जड गाळ तिथेच बसलेला असतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर झाकण उघडायचे, ब्लॉकच्या बाजूचा प्लगही काढायचा, साफ करणारे सौम्य द्रावण घालून इंजिन चालवायचे, मग साध्या पाण्याने ते नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचे. वॉल्व्ह काढून प्रवाह उलटा सोडला तर नळ्यांत अडकलेला गाळ आल्या वाटेने परत निघतो. शेवटी नवा वॉल्व्ह, नवे झाकण, फुगलेले होज पाइप बदलणे, आणि क्षारमुक्त पाण्यात मिसळलेला कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग हिरवे पाणी कशाला, असे विचारतात. कूलंटचे गोठणरोधक काम दक्षिणेत दुय्यम खरेच, पण त्यातली गंजरोधक द्रव्ये हेच इथले खरे कारण आहे. ज्या इंजिनांत सिलिंडरच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागते, तिथे कंपनाने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लायनर बाहेरून टोचला जातो. पुरेशी वर्षे गेली की आरपार भोक. ही टोचणी रोखणारी गंजरोधक द्रव्ये कालांतराने संपतात. रंग हिरवा राहतो, गुण उरत नाही.

यावर मेकॅनिक मंडळींचा एक आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जुनी गाडी धुवायला गेलात तर गळायला लागेल, कारण तो गाळच भोके बुजवून बसला आहे, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला कडक ॲसिड घातले तर डागकामाचे जोड सुटतात, ॲल्युमिनियमचे भाग खाल्ले जातात, आणि मग दोष धुण्यावर येतो. पण त्या आक्षेपाचा अर्थ नीट लावला पाहिजे. गाळाने बुजलेले भोक म्हणजे दुरुस्त झालेले भोक नव्हे. ते उघडे पडायचेच असेल, तर म्हैसूरच्या गॅरेजात उघडे पडणे परवडते, कारण तिथे रेडिएटर उतरवून नळ्या साफ करून देणारा माणूस जवळ असतो. घाटातल्या वळणावर तेच भोक मोकळे झाले तर त्याचे बिल एकट्या मालकाच्या नावावर येत नाही. उतरताना माल भरलेली गाडी परतीला कोझिकोडकडून वायनाडला चढणाऱ्या थामरस्सेरी घाटाची नऊ वळणे चढते. तिथे एक ट्रक आडवा राहिला की दोन्ही बाजूंना रांगा लागतात, आणि वायनाडमधून कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजकडे रुग्ण नेणाऱ्या रुग्णवाहिकांचा रस्ता तोच आहे. म्हणून मी याला सार्वजनिक बाब म्हणतो.

दुसरा आक्षेप धोरणवाल्यांचा. पंधरा वर्षांपुढचे ट्रक भंगारातच जायला हवेत, त्यांना धुऊन-पुसून आयुष्य कशाला वाढवायचे? धुराबाबत त्यांचे म्हणणे मान्य करावे लागते. जुने इंजिन धुतल्याने ते नव्या मानकाचे होत नाही. पण ऑगस्ट 2021मध्ये स्क्रॅप धोरण आले, एप्रिल 2022पासून पंधरा वर्षांपुढच्या जड वाहनाच्या फिटनेस नूतनीकरणाला 12,500 रुपये शुल्क ठरले, तरी जुने ट्रक रस्त्यावर आहेतच, कारण नव्याचा हप्ता एक-दोन गाड्यांच्या मालकाला झेपत नाही. ते आहेत तोवर कसे आहेत, हा प्रश्न उरतोच. शिवाय वय मोजायची आपली पद्धत कॅलेंडरची आहे. स्वच्छ पाण्यावर चाललेले वीस वर्षांचे इंजिन आणि बोअरच्या पाण्यावर भाजलेले आठ वर्षांचे इंजिन यांत घाटात कोण आधी उभे राहील, हे नोंदणीच्या तारखेवरून कळत नाही. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावाच लागतो. त्याच वेळी झाकणाचा दाब तपासणे, वॉल्व्ह जागेवर आहे का बघणे आणि शेवटच्या धुण्याची नोंद मागणे याला काही मिनिटे लागतील. यातून चिरीमिरीची नवी खिडकी उघडेल, ही भीती खोटी नाही. म्हणून तपासणी डोळ्यांच्या अंदाजावर न ठेवता दाब मोजणाऱ्या साध्या पंपावर ठेवावी. आकडा वाद घालत नाही.

राहिला सांडपाण्याचा मुद्दा. जुन्या तेलाची विल्हेवाट कशी लावायची याला घातक कचऱ्याचे 2016चे नियम आहेत, आणि तेलाला विकत घेणारेही मिळतात. जुन्या कूलंटला गिऱ्हाईक नाही, म्हणून ते गटारात जाते. त्यातले ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. रस्त्यावरची कुत्री, गुरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. 2016च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिल्या आलेल्या शहराला हे शोभत नाही. जास्त ट्रक धुवा म्हणायचे आणि धुतलेले कुठे ओतायचे ते सांगायचे नाही, हा अर्धवट सल्ला होईल. म्हैसूरच्या बंडीपाळ्याच्या बाजार समितीच्या आवारात माल उतरवायला गाड्या तासन्‌तास थांबतात. तिथे क्षारमुक्त पाण्याची एक टाकी, वापरलेले कूलंट गोळा करायला झाकणबंद पिंपे आणि दर लावलेला फलक एवढी सोय ट्रकमालकांच्या संघटना आणि महापालिका मिळून करू शकतात. ड्रायव्हरचा वेळ मोडतो ही तक्रारही त्याने बरीचशी मिटेल, कारण तो वेळ आजही तिथे मोडतोच आहे.

आणि एक विनंती माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना. भाडे ठरवताना तुम्ही टायर बघता, ताडपत्री बघता, कागद बघता. गाडी बंडीपूरच्या पुढे जाणार असेल तर रेडिएटरचे झाकणही उघडायला सांगा, अर्थात इंजिन गार असताना. पाणी विटकरी दिसले तर दुसरी गाडी बघा.