घर आणि शाळा : मिनिटाला साठ शब्द

केंद्र सरकारनें ता. ५ जुलै २०२१ रोजीं ‘निपुण भारत’ योजना जाहीर केली. इ. स. २०२६-२७ पर्यंत तिसरी इयत्ता पुरी करणाऱ्या प्रत्येक मुलास वाचन, लेखन व अंकगणित यांचें मूलभूत ज्ञान व्हावें, हा तिचा उद्देश. तिसरीच्या मुलानें मिनिटास निदान ६० शब्द, तेही अर्थ समजून, वाचावे असें माप तींत घातलें आहे. माप वाईट नाहीं. ज्याचें सर्व बळ अक्षरें जुळविण्यांतच खर्ची पडतें, त्याला वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ आठवत नाहीं, हें आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. परंतु शब्द घड्याळ लावून मोजतां येतात. अर्थ कळला कीं नाहीं हें पाहण्यास मुलाजवळ बसावें लागतें. तक्ता भरण्याची घाई झाली कीं हें दुसरें काम मागें पडतें. निकालावर अनुदान देण्याची पद्धति एकोणिसाव्या शतकांत मुंबई इलाख्यांत होती. पोपटपंचीचा दोष तिला तेव्हांच लागला होता.

दुसऱ्यांस कशाला नांवें ठेवूं? आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांत पाथर्डी तालुक्यांतील एका खेड्यांत मी शिक्षक होतों. तेथील कित्येक कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीस जात. मुलेंही बरोबर जात. तिसरींतला असाच एक मुलगा चैत्रांत परतला आणि आठ दिवसांवर तपासणी आली. मीं त्याजकडून एक धडा तोंडपाठ करून घेतला.

साहेबांसमोर तो खणखणीत वाचूं लागला. इतक्यांत वाऱ्यानें पान उलटलें. स्वारी मागच्याच पानावरचें म्हणत राहिली! साहेबांचें लक्ष वहींत होतें. शेरा उत्तम पडला.

सायंकाळीं तो पोर माझ्या ओसरीपाशीं उभा. म्हणाला, “गुरुजी, आतां खरं वाचायला शिकवाल का?”

उन्हाळ्याच्या सुटींत मीं त्यास पुन्हां मुळाक्षरांपासून बसविलें. अशा मुलांना गांवींच ठेवून घेणारीं हंगामी वसतिगृहें सरकारनें पुढें काढलीं. शंभर तक्त्यांपेक्षां मला त्यांचें मोल अधिक वाटतें. आमच्या त्या गांवीं तेव्हां असें कांहीं नव्हतें. दिवाळीपर्यंत तो जोडाक्षरांवर आला आणि मग आईबापांबरोबर बैलगाडींत बसून फडावर गेला. जातांना तिसरीचें पुस्तक मात्र मागून घेऊन गेला.