लाईट आहे, पण लाईट नाही

स्वयंपाकघरात बल्ब चालू आहे, टीव्हीवर बातम्या लागल्या आहेत, फोन चार्जिंगला लावलाय. आणि घरातला कर्ता माणूस ओट्यावर बसून म्हणतो, "आज लाईट नाही." पुण्याहून आलेला पाहुणा आधी बल्बकडे बघतो, मग त्याच्याकडे. नगरच्या पारनेर तालुक्यात मात्र हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. थ्री फेज नाही, म्हणजे विहिरीवरची मोटर चालणार नाही, म्हणजे कांद्याला पाणी नाही. घरातला बल्ब सिंगल फेजवरही जळतो. त्याला कोण लाईट म्हणतो?

इंग्रजीत या शब्दाचा अर्थ उजेड. मराठी शेतकऱ्याने त्यातला उजेड काढून टाकला आणि पाणी भरलं.

तसं करताना त्याने शब्दाला मराठी व्याकरणही शिकवलं. शहरात अनेक जण "लाईट गेले" म्हणतात. त्यांच्या डोळ्यांसमोर घरातले दिवे असतात. नगरकडे "लाईट गेली". वीज आणि बत्ती स्त्रीलिंगी, म्हणून बहुधा तीही. पण वीजचं 'विजेचा' होतं, तसं लाईटचं 'लाईटेचा' झालं नाही. तिने भिंतीची वाट धरली. भिंत, भिंती, भिंतीला. तशी लाईट, लायटी, लाईटीला. लाईटीचा खांब, लाईटीचं बिल. ती येते आणि जाते. ती नव्या घराला 'घेतात', थकबाकी राहिली की कंपनी 'तोडते', आणि महिन्याच्या महिन्याला 'भरतात'. "लाईट भरली का?" या प्रश्नात बिल हा शब्दच नसतो, तरी घोटाळा होत नाही. धक्का मात्र करंटचा बसतो, आणि पॉवर असते ती गोळीत किंवा पुढाऱ्यात. शेजारशेजारच्या तीन इंग्रजी शब्दांची कामं गावाने अशी चोख वाटून दिली आहेत.

हाताशी 'वीज' असताना हा शब्द का रुजला? शेतात उभ्या माणसासाठी वीज आधी आभाळातली. ती कडाडते, झाडावर पडते, बैल मारते. "वीज आली" म्हटलं तर माणूस घराकडे पळेल, मोटरीकडे नाही. दिव्याचीही अडचण होती. दिवा मालवतात, शांत करतात. देवापुढचा दिवा 'गेला' असं म्हणताना जीभ अडखळते. लाईट मात्र दिवसातून चारदा गेली तरी अपशकुन होत नाही.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आणि राज्याचं भाषा संचालनालय, दोन्ही १९६० मधली. एकाने गावोगाव खांब नेले, दुसऱ्याने प्रशासनासाठी मराठी शब्द घडवले. खांबांबरोबर आलेला शब्द लोकांनी ठेवून घेतला. कार्यालयातला 'विद्युत पुरवठा' बिलावरच राहिला. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. त्या टंचाईच्या दिवसांत वर्तमानपत्रांनी 'भारनियमन' लिहिलं आणि लोक 'लोडशेडिंग' म्हणत राहिले. त्याच काळात 'अक्षय प्रकाश' योजना आली: गावाने संध्याकाळी मोटरी चालवायच्या नाहीत, बदल्यात घरात दिवे राहतील. सरकारचा प्रकाश आणि शेतकऱ्याची लाईट एका तारेवर एकाच वेळी नांदत नाहीत, हे त्या योजनेने उघड मान्य केलं होतं.

पारनेर तालुक्यातल्याच राळेगणसिद्धीत हा तिढा अधिक स्पष्ट दिसतो. अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून गावी परतले तेव्हा या अवर्षणग्रस्त शिवारात पाऊस पडायचा आणि वाहून जायचा. नाल्यांवर बांध झाले, झाडं लागली, चराईवर बंदी आली, उसासारख्या तहानलेल्या पिकांना लगाम बसला आणि विहिरींना पाणी लागलं. पाणी लागल्यावर प्रश्न बदलला. कोरड्या विहिरीच्या मालकाला लाईट कधी येते याची फिकीर नसते. भरलेल्या विहिरीचा मालक तिच्यासाठी रात्र जागतो.

गावच्या रस्त्यांवर सौर दिवे उभे राहिले, तेही राळेगणच्या कौतुकाचा भाग झाले. पण रस्त्यावरच्या दिव्याने मोटर फिरत नाही. शेतीच्या लाईटीचं वेळापत्रक असतं, साधारणपणे काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. "या आठवड्यात लाईट रात्रीची आहे" याचा अर्थ अंधारात बॅटरी घेऊन बांधावर जायचं, वाफ्यांची दारं मोडायची, पाणी धरायचं. जुन्नर-संगमनेर-पारनेर पट्ट्यात त्याच अंधारात बिबट्याही फिरतो. लाईट आली की माणूस अंधारात जातो, हे वाक्य इंग्रजीत नेलं तर कोडं होईल. इथे ती रोजची पाळी आहे.

म्हणूनच २०१७ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे पहिले प्रायोगिक प्रकल्प राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीला ठरले, याला महत्त्व होतं. सूर्यावरची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची, म्हणजे पाणी दिवसा भरता येईल. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. पण फीडरसाठी नावात घेतलेली 'वाहिनी' ऐकून सामान्य माणसाला टीव्हीचं चॅनेल आठवतं. ज्यांच्यासाठी योजना, ते तिला दोन शब्दांत ओळखतात: दिवसाची लाईट.

मराठीच्या काळजीने झोप उडालेल्यांनी इथे थोडं थांबावं. प्रत्येक इंग्रजी शब्द माफ करावा असं नाही. फिकट गुलाबी असताना 'लाईट पिंक', हलका असताना 'लाईट नाश्ता' हा निव्वळ आळस आहे. तिथे 'लाईट'ला लिंग नाही, विभक्ती नाही, काम नाही. तो दुकानाच्या पाटीवरून उचललेला शब्द आहे. शेतातल्या लाईटीने मात्र राबून जागा मिळवली. तिला हुसकून 'विद्युत' बसवणं म्हणजे मराठीची सेवा नव्हे, मराठी माणसाने केलेली कारागिरी मोडणं आहे. पाटी, परिपत्रक आणि मोबाइलवरचा संदेश लिहिणाऱ्यांनी ही लाईट खुशाल वापरावी.

कार्यालयाकडून येणाऱ्या सूचनेत "कृषी वाहिनीवरील त्रिफेज वीजपुरवठ्याच्या वेळेत बदल" अशा थाटाचं वाक्य असेल, तर ते वाचून माणूस वायरमनला फोन लावतो. वायरमन सांगतो, "शुक्रवारपासून लाईट रात्रीची." फोन ठेवून शेतकरी बॅटरी चार्जिंगला लावतो.