शिष्यत्वाची कसोटी

तेरखेड्याचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते फटाक्यांमुळे, शेतीमुळे नव्हे. बालाघाटाच्या या पट्ट्यात पाऊस बेभरवशाचा, आणि शेतकऱ्याच्या मुलाला गाव सोडण्यावाचून दुसरी वाट सहसा दिसत नाही. अशा तरुणाकडे ख्रिस्ती सेवकाने काय घेऊन जावे, हा प्रश्न धर्मांतराच्या वादंगात नेहमीच हरवतो.

त्याचे उत्तर याच डोंगररांगेतील जामखेडने देऊन ठेवले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य १९७० मध्ये तेथे आले. आले ते डॉक्टर म्हणून. परंतु उपाशी माणसाला नुसते औषध पुरत नाही, हे ओळखून त्यांनी तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी केली. पाणी, झाडे, बांधबंदिस्ती हे या मंडळांचे विषय. कूपनलिका घेताना तर त्यांनी जागा मुद्दाम दलित वस्तीत निवडल्या! सवर्णांना पाण्यासाठी तेथेच जाणे भाग पडले. शंभर प्रवचनांनी हे साधले असते काय? बाप्तिस्म्यांची मोजदाद करणारे आणि त्या मोजदादीला भिणारे, दोघेही येथे निरुत्तर होतात. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला, तो अशा कामासाठी.

तेरखेड्यात शेतकरी तरुणांना शिष्य करू पाहणाऱ्याने निदान चार पावसाळे तेथे काढण्याची तयारी ठेवावी. दोन दिवसांच्या शिबिरात कोणता बांध कोणाच्या तंट्यात अडकला आहे, एवढेही कळत नाही.