जंकानूचा ढोल

अटलांटिक महासागरातील बहामा बेटांवर 26 डिसेंबरला व नववर्षदिनी, सूर्योदयापूर्वीच, राजधानी नासाऊच्या रस्त्यावर ‘जंकानू’ची मिरवणूक चालते. आफ्रिकेतून दास करून आणलेल्यांना नाताळात जी थोडी सुटी मिळे, तीत त्यांनी हा उत्सव जागविला. 1834 साली कायद्याने दास्य संपले, ढोल मात्र टिकला. अंगावर पुठ्ठ्याचा व रंगीत कागदांचा साज, हाती गाईच्या गळ्यातील घंटा आणि बकऱ्याच्या कातड्याचा, विस्तवावर शेकून सुरात आणलेला ढोल! 2023 साली युनेस्कोने या परंपरेस मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तथापि कृत्रिम पडद्याचे ढोल आता तेथेही शिरले आहेत. मृदंगाच्या साथीने उभे राहणाऱ्या आम्हांस हे खटकते. त्या विस्तवाशेजारी जाणत्यांनी मुलांना बसवावे, कातडे किती शेकावे हे त्यांच्या हातांना शिकवावे.