गॅलरी कोणाची, दुरुस्ती कोणाची?

२५ जून २०२३ रोजी, ज्या रविवारी मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचे जाहीर झाले, त्याच दिवशी विलेपार्ले येथील एका दुमजली इमारतीच्या सज्जाचा भाग कोसळून दोघा ज्येष्ठ रहिवाशांचा मृत्यू झाला. घाटकोपरच्या राजावाडी वसाहतीतही तीन मजली इमारतीचा भाग खचून आणखी दोघांचा बळी गेला. अशा दुर्घटनांनंतर इमारतीच्या वयाची चर्चा होते. मात्र सज्जाची, म्हणजे रोजच्या भाषेतील गॅलरीची, देखभाल कोणी करावयाची हा प्रश्न अनुत्तरित राहतो. सदनिका भाड्याने दिलेली असेल तर तो अधिकच बिकट होतो.

गॅलरी हा इमारतीचा सर्वांत नाजूक भाग. तिला एकाच बाजूने आधार असल्याने तिचा भार पेलणाऱ्या मुख्य सळया स्लॅबच्या वरच्या भागात असतात. लाद्यांचा उतार चुकला, पाणी जाण्याची वाट तुंबली किंवा कुंड्यांची ओल मुरत राहिली की पाणी प्रथम याच सळयांपर्यंत पोचते. गंजाने सळई फुगते व काँक्रीट सुटू लागते. त्यातच सदनिकेच्या नूतनीकरणात लाद्या उखडताना छिन्नीचे घाव बसतात, वर नव्या लाद्यांचा थर चढतो, बाहेर लोखंडी ग्रिल येते आणि ग्रिलमध्ये अडगळ. ओलीचे डाग व पोपडे मात्र दिसतात ते खालच्या मजल्यावरील रहिवाशाला! वर राहणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

कागदोपत्री तरतुदींची वाण नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३ ब कलमानुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी त्याहून कडक आहेत. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, तर त्यापुढील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करावयाचे आहे. बाहेरच्या भिंती, पावसाची गळती आणि छताची संरचनात्मक दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी. उर्वरित दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करावयाची. पूर्वसूचना देऊन सदनिकेत शिरून पाहणी करण्याचा अधिकारही कार्यकारिणीला आहे. वाद सुरू होतो तो येथूनच. सज्जाचा स्लॅब संरचनेचा भाग असल्याने खर्च संस्थेचा, असे सभासद म्हणतो. लाद्या व ग्रिल तुम्हीच बसविले, असे संस्था सुनावते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असल्याने पत्रव्यवहार लांबतो आणि पावसाळा येऊन ठेपतो.

या वादात भाड्याने राहणाऱ्याला स्थान नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या १४ व्या कलमाने जागा सुस्थितीत ठेवण्याचे बंधन मालकावर घातले आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुर्लक्ष केल्यास भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंडमधील नव्या बिऱ्हाडांपैकी बहुतेक जण ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहतात आणि परवानाधारक हा या कलमातील भाडेकरू नव्हे. त्याचा आधार केवळ करारनामा. त्यात रंगकाम, विजेचे बिल, अनामत रक्कम यांचा बारकाईने उल्लेख असतो, गॅलरीचा क्वचितच. शिवाय ११ महिन्यांनी करार वाढविण्याची ज्याला विनंती करावयाची, त्याच्याकडे तडे गेल्याची तक्रार कोण करणार? संस्थेच्या सभेतही त्याला आवाज नाही. तो राहतो म्हणून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क मालकाकडून घेणाऱ्या संस्था त्याचे पत्र मात्र ‘सभासदामार्फत पाठवा’ म्हणून परत करतात.

याची किंमत किती मोठी असू शकते, हे कुर्ल्याच्या नाईक नगरने दाखविले. जून २०२२ मध्ये तेथील इमारतीचा एक भाग कोसळून १९ जण ठार झाले. पालिकेच्या नोटिसा कित्येक वर्षांपूर्वीच निघाल्या होत्या; तरीही खोल्या मजुरांना भाड्याने दिल्या जात होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोरिवलीच्या साईबाबा नगरातील गीतांजली इमारत भरदुपारी कोसळली, पण ती आधीच रिकामी केलेली असल्याने जीवितहानी टळली.

नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ऑडिटच्या वेळी भाड्याच्या सदनिकांच्या गॅलऱ्या आतून व खालून तपासणे, अहवालाची प्रत प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही देणे आणि सज्जाच्या दुरुस्तीचा खर्च कोणाचा हे करारात एका ओळीत लिहिणे, हे आजही शक्य आहे. तूर्त बहुतेक संस्था नव्या भाडेकरूकडे मागतात ती पोलीस पडताळणीची पावती. तो ज्या गॅलरीत कपडे वाळत घालणार, तिच्या स्थितीची नोंद कोणत्याही फायलीत नसते.