पलूसला इतिहास नाही, असे म्हणणाऱ्यांस

थ्रेड.

‘आमच्या तालुक्यात पाहण्यासारखे आहे काय? ना किल्ला, ना राजवाडा.’ पलूस परिसरात हे वाक्य वारंवार ऐकू येते. (कुंडलच्या डोंगरातील जैन गुहा त्या क्षणी कोणालाच आठवत नाहीत, हे तूर्त सोडून देऊ.) या वाक्याचा परिणाम मात्र गंभीर आहे. जिथे इतिहासच नाही, तिथे जुनी भिंत पाडताना कोणाला विचारायचे?

माझे म्हणणे असे, की पलूसचा इतिहास विसाव्या शतकात घडला आणि तो घडवला कामगारांनी, संपादकांनी, भूमिगतांनी. राजा आणि देव यांच्यापलीकडे इतिहास पाहण्याची सवय आपल्याला नाही, म्हणून तो डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

१९१० पासून आरंभ करू. बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडलजवळ, ३२ एकर माळरान दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती आखून वसवलेली कामगारवस्ती. भारतातल्या आरंभीच्या उद्योगनगरांपैकी हे एक. ज्या स्थानकाचे नाव कुंडल रोड होते, ते पुढे किर्लोस्करवाडी झाले.

पण वाडीतून केवळ नांगर बाहेर पडले नाहीत. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली बुद्धिवाद, स्त्रियांचे शिक्षण, विवाहविषयक रूढी यांवरचे वाद महाराष्ट्राच्या घराघरांत गेले, ते या माळावरच्या छापखान्यातून. मराठी मध्यमवर्गाचे मन घडवणारी एवढी मोठी जागा आपल्या तालुक्यात असताना ‘काय आहे इथे?’ हा प्रश्न पडावा, याचे मला राहून राहून नवल वाटते.

इंग्लंडमधील सॉल्टेअर आणि स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क या गिरण्यांच्या कामगारवसाहती २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या. इटलीतील क्रेस्पी द’अद्दा त्याआधीच, १९९५ मध्ये. तिथे आजही लोक राहतात, दारांत कपडे वाळत घालतात. २०२५ मध्ये पन्हाळ्यासह मराठ्यांचे बारा किल्ले त्याच यादीत गेले तेव्हा आपण गुलाल उधळला, आणि तो योग्यच होता. कामगारांच्या चाळीसाठी तसा गुलाल आपण उधळू का?

आता कुंडल. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने तत्कालीन सातारा जिल्ह्यात इंग्रजांना समांतर कारभार चालवला. न्यायदान मंडळे होती, तुफान सेना होती. तिचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, हे दोघेही कुंडलचे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवून खजिना ताब्यात घेतला गेला. या सरकारला राजवाडा नव्हता. त्याची कचेरी म्हणजे कोणाचा तरी सोपा, कोणाची माडी, कोणाचा गोठा. ज्या माउलीने रात्री भाकरी थापून भूमिगतांना वाढली, तिची चूल हीच इथली ऐतिहासिक वास्तू.

आणि नेमक्या याच वास्तू कायद्याला दिसत नाहीत. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारकाला किमान शंभर वर्षे पूर्ण व्हावी लागतात. १९४३ साली प्रतिसरकारचे आश्रयस्थान म्हणून बांधलेली एखादी वास्तू २०४३ पर्यंत ‘प्राचीन’ ठरणार नाही. आणि घर त्याहून जुने असले, तरी साध्या घराकडे स्मारक म्हणून पाहतो कोण? पांढरीच्या मातीची भिंत तोवर थांबत नाही. नदीकाठच्या गावांत तर २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी अशा भिंती विरघळवून टाकल्या. कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये गेले. कोणत्या घरात काय घडले, हे बोट दाखवून सांगणारी माणसेही आता उरलेली नाहीत.

यावर ठरलेले उत्तर असते : ‘लोकांना घरे हवीत, दुकाने हवीत, जुने किती कवटाळायचे?’ कोणी असेही सुनावतो, की पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगरांसाठी दिल्या, असे सांगतात; मग वारसा कुठे गेला होता? हा युक्तिवाद मला आवडतो, कारण तो उलटतो. तोफा गेल्या, पण कशासाठी गेल्या हे शंभर वर्षांनंतरही आपण सांगतो आहोत. आज पडणाऱ्या घराच्या जागी दोन शटरचे गाळे येतात आणि घराची साधी नोंदही मागे राहत नाही. फार झाले तर चौकात एक कमान उभी राहते, उद्घाटकांच्या नावांसह.

वारसा म्हटला की वीटही हलवता येणार नाही, ही भीती केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरच्या बंदीतून आलेली आहे. नगररचनेतील वारसा-यादी वेगळी असते. मुंबईत १९९५ पासून तीन श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीत बदलांना पुष्कळ वाव असतो, आणि मालकाला हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने भरपाईची तरतूद आहे. मालकाला वाऱ्यावर सोडून केलेले जतन टिकत नाही, हे तर उघडच आहे.

पलूसला आता नगरपरिषद आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक वास्तू आणि वारसा-परिसर यांच्या जतनाची तरतूद करता येते. त्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या पत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. आपल्याकडे त्या मुदतीत अर्ज येतात ते बहुतेक रस्त्याच्या रुंदीबद्दल. गावांत ग्रामसभा ठराव करू शकते.

तालुक्यातील वाचकांना विनंती : आपल्या गल्लीतील अशा एका घराचे छायाचित्र, ते कधी बांधले, भिंत कशाची, तिथे कोण राहून गेले, आणि हे कोणी सांगितले, एवढे प्रतिसादात लिहा. घरमालकाची अनुमती घेऊनच. औदुंबर, भिलवडी, अंकलखोप, रामानंदनगर, सगळीकडचे चालेल. आजी-आजोबांना आधी विचारा, छायाचित्र नंतर काढा.